बैलाच्या जोडीला लावलेली घोडी

बुधाजीला बैल कळायचा. हे तो स्वतःच सांगत फिरायचा, पण गावही तेच म्हणायचं, तेव्हा खोटं म्हणायची सोय नव्हती. अलिबागच्या दक्षिणेला समुद्रकाठच्या वाळूची जी लांबलचक पुळण पसरली आहे, तिच्यावर शर्यतीत धावलेले कितीतरी बैल त्याच्या हाताखालून गेलेले. मध्ये शर्यती बंद पडल्या, मग पुन्हा सुरू झाल्या, तोवर बुधाजीचे गुडघे गेले आणि त्याचा शेवटचा बैल हरण्या म्हातारा झाला. पण ज्ञान कुठं म्हातारं होतं? ते तसंच पडून होतं, आणि पडून राहिलेलं ज्ञान माणसाला फार बोलकं करतं.

त्यामुळे त्याची लेक क्रांती जेव्हा देशावरच्या जत्रेतून एक तांबूस घोडी घेऊन आली, तेव्हा बुधाजीनं घोडीभोवती एक चक्कर मारली, मिशीवरून हात फिरवला आणि जाहीर केलं, "शिकवू."

"बाबा, ही घोडी हाय," क्रांती म्हणाली. "बैल न्हाय."

"चार पाय हायत का न्हाय?"

"हायत."

"मंग?"

क्रांतीनं घोडीला गोठ्यात नेऊन बांधलं.

घोडी होती तिसऱ्या वर्षातली. अंगानं भरायची होती, डोळे मोठे आणि स्वभाव भित्रा. तिच्या पाठीवर अजून कुणी बसलेलं नव्हतं. क्रांतीनं तिचं नाव ठेवलं सुरंगी. ही क्रांती आधी नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत पॅकिंगला होती. तिथं खोली घेऊन राहायची, महिन्यातून एखादा रविवार घरी. मग अलिबागच्या अलीकडे, मुंबईकरांच्या बंगल्यांमागे मृणाली मॅडमनी घोडेस्वारीची शाळा काढली, तिथं तिला तबेल्यातलं काम मिळालं. लीद काढता काढता ती खरारा करायला शिकली, खरारा करता करता बसायला शिकली, आणि एकदा बसल्यावर तिला उतरावंसंच वाटेना. मॅडमकडं घोडे कमी होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "क्रांती, तुझी स्वतःची घोडी आण. पाठीवर माणूस घेऊन शांतपणे एकटी जाते आणि परत येते, एवढं मला दिसलं की तुम्हा दोघींना कायमचं ठेवते. तू मुलांना शिकव, ती मुलांना फिरवेल. नाही जमलं तर या थंडीनंतर मला तुझी जागा ठेवता येणार नाही."

नाही जमलं तर काय, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. क्रांती परत कंपनीत जाणार, परत ती खोली. आणि घोडी जाणार पनवेलच्या प्रीतमकडं. या प्रीतमचे लग्नाचे घोडे होते. तो येऊन सुरंगीला दोनदा बघून गेला होता आणि तिच्या कपाळावर झुंबर कसं शोभेल हे सांगून गेला होता. पिशवी फडफडली तरी अंग चोरणारी ही घोडी, तिला डीजेपुढं आणि फटाक्यांत उभी करायची, या कल्पनेनं क्रांतीला रडू यायचं. बुधाजी रडणाऱ्यातला नव्हता. पण पोर पुन्हा घराबाहेर जाईल असं मनात आलं की तो उगाच हरण्यावर ओरडायचा.

पावसाळाभर काम गोठ्यातच चाललं. क्रांती रोज सुरंगीच्या अंगावरून हात फिरवायची, कानामागून, पोटाखालून, पायापर्यंत. एकेक पाय उचलून घ्यायची, धरायची, सोडायची. पाठीवर आधी फडकं टाकलं, मग रिकामं पोतं, मग खोगीर. लगामाला गूळ चोपडून तोंडात दिला. सुरंगी सगळं करून घ्यायची, फक्त मधूनमधून फुरफुरायची. ही पोर शाळेतल्या मास्तरणीपेक्षा सोशिक आहे, असं बुधाजीला वाटायचं, पण तो बोलायचा मात्र, "किती ते कुरवाळनं! लग्न लावायचंय का तिचं?"

दसऱ्यानंतर सुरंगीला पुळणीवर नेली आणि तिथं घोडं अडलं. लाटेचा फेस पायाशी आला की ही मागं उडायची. होडीचं फडकं हललं, उडाली. कुत्रं दिसलं, उडाली. क्रांती दोरीला लोंबकळत फरफटत जायची. चार दिवस हा तमाशा बुधाजीनं सुरूच्या झाडाखाली बसून पाहिला. मग तो घरी गेला आणि हरण्याला सोडून घेऊन आला.

"गोऱ्हा शिकवायचा झाला तर आपन काय करतो?" त्यानं विचारलं.

"बाबा, परत बैल?"

"जुन्या बैलाच्या जोडीला लावतो. जुना घाबरत न्हाय, त्याला बघून नवा घाबरत न्हाय. एवढी साधी गोष्ट तुझ्या मॅडमला ठाऊक न्हाय?"

मॅडमला ठाऊक असो वा नसो, गंमत अशी की ते लागू पडलं. हरण्या समुद्राच्या बाजूला, सुरंगी आतल्या बाजूला, आणि दोघांच्या पुढं दोन्ही दोऱ्या धरून बुधाजी, अशी वरात ओहोटीच्या ओल्या वाळूवरून रोज निघायला लागली. हरण्याच्या पायावर लाट फुटली तरी तो रवंथ थांबवायचा नाही. सुरंगी त्याच्याकडं बघायची, फेसाकडं बघायची, आणि मग चालायची. गावाला आयतंच मिळालं. "बुधाजी, घोडीला शिंगं कधी येनार रं?" असं लोक विचारायचे. मुंबईचे पाहुणे फोटो काढायचे. बुधाजी मान ताठ करून चालायचा. गुडघ्याचं दुखणं तो त्या दिवसांत विसरूनच गेला.

पुढचं सगळं सुरळीत झालं. क्रांती आधी नुसती सुरंगीच्या पाठीवर पोटावर आडवी पडायची आणि उतरायची. मग एक दिवस पाय टाकून बसली. सुरंगीनं कान मागंपुढं केले, हरण्याकडं पाहिलं, आणि बुधाजीनं "हुर्रर" केल्यावर चालायला लागली. हे "हुर्रर" बैलाचं, पण तिला तेच कळायचं. क्रांतीनं लगाम उजवीकडं आणि डावीकडं शिकवला, थांबणं शिकवलं, हळू दुडकी शिकवली. बुधाजी पुढं चालायचा, दुडकीला पळायचा, आणि घरी आल्यावर पायाला तेल लावून घेत कृष्णाबाईला, म्हणजे बायकोला, सांगायचा, "आता काय, झालीच घोडी तयार."

"घोडी झाली, तुमी मोडलात," कृष्णाबाई म्हणायची. तिला जनावरांत रस नव्हता. तिचं लक्ष वालाच्या शेंगांत आणि घरच्या माणसांच्या जेवणात.

थंडी पडली. आता एकट्या सुरंगीनं जाऊन यायचं, एवढंच उरलं होतं. बुधाजी हरण्याला घेऊन सुरूच्या झाडाशी थांबला. क्रांतीनं सुरंगीला टाच लावली. सुरंगी गेली दहा पावलं, आणि उभी राहिली. अशी उभी राहिली की जणू वाळूत खुंटा ठोकलाय. टाचेनं नाही, लगामानं नाही, गोंजारून नाही. बुधाजी हरण्याला घेऊन पुढं निघाला, तशी ही मुकाट मागोमाग.

"बैलाची सवय लागली तिला," क्रांती खालच्या आवाजात म्हणाली. "बाबा, मी म्हनलं होतं, परत बैल कशाला."

बुधाजी हरण्याच्या पाठीवरून उगाच हात फिरवत राहिला. चूक त्याची होती, आणि ती लेकीच्या नशिबावर बसली होती. घोड्यांच्या शाळेत बैल कोण घेऊन येणार? मृणाली मॅडम येत्या रविवारी ओहोटीला स्वतः येऊन बघणार होत्या, तसं त्यांनी कळवलंही होतं.

मग जे जे सुचलं ते केलं. हरण्याला दूर उभा केला, मग आणखी दूर. सुरंगी ढिम्म. आणि त्यातच हरण्याच्या खुरात काटा भरला. तो गोठ्यातून बाहेर पडेना. बुधाजीनं कपाळाला हात लावला, पण निदान घोडीचे पाय मोकळे व्हावेत म्हणून तो आणि क्रांती तिला घेऊन पुळणीवर गेले. क्रांती पाठीवर, बुधाजी पुढं.

आणि सुरंगी चालली! बैल नाही, बैलाची सावली नाही, तरी सुरंगी झकास चालली. लाट आली, ओलांडली. कुत्रं भुंकलं, तिनं कान हलवला. क्रांतीचा चेहरा उजळला. "बाबा, बैल न्हाय! बघ, बैल न्हाय तरी चाललीय!"

"मी काय म्हनलं होतं!" बुधाजी ओरडला. त्यानं तसं काहीच म्हटलं नव्हतं, पण आनंदात माणसाला चालतं.

वाटेत बुधाजीच्या चपलेचा अंगठा निघाला. तो बसवायला तो वाकला. सुरंगी थांबली. क्रांतीनं टाच लावली. सुरंगी हलेना. बुधाजी सरळ होऊन दोन पावलं चालला. सुरंगी चालली. बुधाजी थांबला. सुरंगी थांबली. बापलेकीनं एकमेकांकडं पाहिलं. बुधाजी डावीकडं चार पावलं गेला, सुरंगी डावीकडं वळली. क्रांतीला हसू फुटलं. ती पोट धरून हसली, बुधाजी हसला, आणि मग क्रांतीचं हसू थांबलं.

"बाबा," ती म्हणाली, "तिला बैलाची न्हाय, तुझी सवय लागलीय."

बरोबरच होतं. सुरूच्या झाडाशी हरण्याला धरून थांबायचा कोण? बुधाजीच. बैल जिथं जिथं तिथं तिथं बुधाजी, तेव्हा कळणार कसं? गोऱ्ह्याच्या पुढं चालणारा माणूस गोऱ्ह्याला दिसतच नाही. त्याचं सगळं लक्ष जोडीच्या बैलावर. घोडीचं तसं नसतं हे बुधाजीला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं.

"मंग मी मागं चालतो," तो म्हणाला.

तो मागं चालला, तर सुरंगी मान वळवून बघायला लागली आणि वाकडी चालायला लागली. तो पालथ्या होडीमागं लपला. सुरंगी, पाठीवर क्रांती असताना, तिच्या लगामाला न जुमानता, सरळ होडीकडं आली, होडीवरून मान घातली आणि बुधाजीच्या डोक्यावर फुरफुरली. आणि बुधाजीला, देवाशपथ सांगतो, आनंद झाला. पन्नास वर्षं त्यानं बैल शिकवले. त्यांना वैरण घातली, आजारपणात त्यांच्याजवळ बसून राहिला. पण बैल शिकला की माणसाला सोडून पळतो, तेच तर त्याला शिकवायचं असतं. मुद्दाम शोधत त्याच्याकडं आजवर कुठलं जनावर आलं नव्हतं. तो तिच्या नाकाडावर हात ठेवून वाळूत बसून राहिला. क्रांती वरून बघत होती. तिला राग यायला हवा होता. तिला आला नाही, आणि म्हणूनच पुढचं बोलणं जड गेलं.

ते तिनं संध्याकाळी जेवताना काढलं. भाकरी मोडत, ताटाकडंच बघत ती म्हणाली, "बाबा, रविवारी तू येऊ नको."

"कुठं?"

"पुळणीवर. तू दिसलास की ती तुझ्याकडं येनार. मॅडमसमोर."

बुधाजीनं भाकरी ताटात टाकली. "म्हंजे माझ्या घोडीला मीच नको?"

"बाबा..."

"पहिल्या धावेला मी उभा न्हाय असा एक बैल दाखव! एक! ताप होता तरी गेलो होतो. तुझी आई बाळंत होती तरी गेलो होतो!"

"त्ये काय सांगताय अभिमानानं," कृष्णाबाई मध्येच म्हणाली.

"तू गप गं! एवढं सगळं मी केलं आनि बघायच्या वेळेला मी घरात बसू? पोरीची पहिली फेरी, आनि बाप कुठं, तर घरात!"

कृष्णाबाईनं त्याच्या ताटात कालवण वाढलं. "लेक सासरी धाडताना बाप गावाच्या वेशीपर्यंत जातो," ती म्हणाली. "गाडीत चढून बसत न्हाय."

"अगं, ही सासरी जाऊ नये, घरातच ऱ्हावी, त्यासाठीच तर सगळा खटाटोप!" बुधाजी ओरडला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. पोर घरात राहावी. त्यासाठीच तर. तो उठला आणि न जेवताच गोठ्यात जाऊन बसला. सुरंगीनं त्याच्या खिशात तोंड घातलं, गूळ आहे का बघायला.

शनिवारचा दिवस त्यानं हरण्याच्या खुरातला काटा काढण्यात घालवला.

रविवारी सकाळी क्रांती उठली तर सुरंगीला खरारा झालेला. खोगीर चढवलेलं. पोटाखालचा तंग आवळलेला, बेताचा, घोडीचा श्वास अडू नये इतका. खुरांमधली माती काढलेली. बुधाजी हरण्याला सोडत होता, काटा निघून तो आता नीट चालायला लागला होता.

"वालाच्या शेतात जातो," बुधाजी तिच्याकडं न बघता म्हणाला. "गवत माजलंय."

शेत रस्त्यापलीकडं, पुळणीपासून लांब. क्रांती पुढं झाली आणि त्याच्या पाया पडली. तशी पाया पडणारी पोर नव्हती ती. बुधाजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग घाईघाईनं काढून घेतला. दारात कृष्णाबाई उभी होती, तिला म्हणाला, "तू जा आनि बघ. नीट बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कान कुठं हायत त्ये बघायचं. मान कुठं हाय त्ये बघायचं. सगळं बघायचं."

शेतात गवत फारसं नव्हतंच. बुधाजी बांधावरून वाकून वाकून जे सापडेल ते उपटत राहिला. हरण्या कडेला चरत होता. वारा खाडीकडून होता, समुद्राचा आवाज येत नव्हता. आता पाणी मागं गेलं असेल. आता मॅडमची गाडी आली असेल. आता क्रांती चढली असेल. त्यानं एक विडी पेटवली आणि न ओढताच विझवली.

आणि मग त्याच्या मनात एक भलतंच आलं. रस्त्याकडून हाक येईल, असं त्याला वाटलं. "बाबा, ये! चालत न्हाय ती, ये!" असं क्रांती धावत येऊन म्हणेल. मग तो जाईल, पुढं उभा राहील, "हुर्रर" करेल, आणि सुरंगी चालेल. क्षणभर त्यानं ती हाक यावी म्हणून कान टवकारले. हाक आली तर घोडी पनवेलला आणि पोर कंपनीत, हे माहीत असून टवकारले. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. "हलकट," तो स्वतःला म्हणाला. हरण्यानं मान वर करून पाहिलं. "तुला न्हाय रं," बुधाजी म्हणाला.

ऊन चढलं तेव्हा कृष्णाबाई बांधावरून येताना दिसली. पदर खोचलेला, चाल नेहमीची. तिच्या तोंडावरून काही कळेल तर शपथ. लग्नातही ती अशाच तोंडानं उभी होती.

"काय झालं?" बुधाजीनं लांबूनच विचारलं.

"थांबा की, दम लागलाय." ती जवळ आली, डोक्यावरचा पदर सारखा केला. "गेली."

"गेली म्हंजे?"

"गेली म्हंजे गेली. पार त्या धक्क्यापर्यंत गेली, वळली, आली. मंग पळत गेली, आली. मॅडमनी पोरीला मिठी मारली. दोघींना ठेवते म्हनाल्या, कायमचं. पोरगी रडायला लागली, मी म्हनलं, रडतेस कशाला, चहा दे बाईला."

बुधाजी बांधावर बसला. लेक राहिली, घोडी राहिली.

"कान कुठं होते?" मग त्यानं विचारलं.

"डोक्यावर."

"अगं, पुढं का मागं?"

"पुढं असतील. मला एवढं न्हाय कळलं." ती थोडी थांबली. "पन निघायच्या आधी उभी राहिली होती."

"किती वेळ?"

"बराच. मान वळवून बघत होती. होडीकडं बघितलंन, झाडांकडं बघितलंन, माझ्याकडंबी बघितलंन. मॅडम काही बोलनार होत्या, पोरीनं हात केला, थांबा म्हनून. पोरगी टाच मारेना, काय न्हाय, तशीच बसून राहिली. घोडी बघत राहिली. तुमी कुठंच नव्हतात." कृष्णाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मंग चालली."

"परत मागं बघितलंन?"

"न्हाय."

"एकदाबी न्हाय?"

"एकदाबी न्हाय."

"शिकली," बुधाजी म्हणाला. "शिकली गं." त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्याला शुद्ध नव्हती. कृष्णाबाई त्याच्या शेजारी बांधावर टेकली. तिला घरी रांधायचं होतं, पण ती टेकली.

"परत सांग," तो म्हणाला.

"काय?"

"पहिल्यापासून सांग. उभी राहिली, तिथपासून."